थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा

"टक्कल पडलेला माणूस न्हाव्याकडे गेला, तर न्हावी त्याला काय सांगतो?" नन्नाने विचारलं. विचारून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की टेबलाच्या टोकाला मॅनेजर बसले आहेत.

मॅनेजरांचा हात आपोआप डोक्यावर गेला. तिथे करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तो परत खाली आला.

"बोला, बोला," ते म्हणाले. "आम्ही काही मनावर घेत नाही."

ते मनावर घेणार होते, पण आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता.

"नकार तीन जातींचे असतात सर," नन्ना म्हणाला. "गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, अर्धा किलो केस कापा. इथे मागणीच चूक. दुसरं येतं, पण दुकानात गर्दी असते. त्याला सांगायचं, आत्ता नाही, तासाभराने या. आणि तिसऱ्याच्या डोक्यावर केसच नसतात. त्याला आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. त्याला हे दारातच सांगावं, म्हणजे तो टोपी घ्यायला तरी जाईल. आपण काय करतोय? तिघांनाही सांगतोय, तासाभराने या. बाकीचे जातात-येतात. टक्कलवाले मात्र वर्षानुवर्षं बाकावर बसून आहेत."

खोलीत कोणी हसलं नाही. हसावं की नाही ते आधी मॅनेजरांनी ठरवायचं असतं.

कंपनीचा धंदा थोडक्यात असा: एका खऱ्या संगणकाच्या पोटात दहा-वीस खोटे संगणक चालवायचे. प्रत्येक खोट्याला वाटतं, आपणच खरे आणि सगळं घर आपलंच. घरमालकाने एकाच खोलीत वीस भाडेकरू ठेवावेत आणि एकाचं घोरणं दुसऱ्याला ऐकू जाऊ देऊ नये, तसं हे सॉफ्टवेअर. नन्नाचं काम त्यातही बारीक होतं. भाडेकरूने काही मागितलं आणि ते देता येण्यासारखं नसलं, तर कुठल्या शब्दांत नाही म्हणायचं, हे तो ठरवायचा. प्रत्येक नकाराला एक क्रमांक, क्रमांकापुढे एक वाक्य. उमेदीची सगळी वर्षं त्याने नन्नाचा पाढा लिहिण्यात घालवली होती, त्यामुळे नावही तेच पडलं. खरं नाव आता फक्त बायकोच्या तोंडी होतं, आणि तीही ते रागावली तरच वापरायची.

आजची भानगड अकरा नंबरबद्दल आलेल्या एका तक्रारीची होती. अकरा म्हणजे 'सध्या व्यस्त, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा'. चाळीस म्हणजे 'ही क्रिया इथे होत नाही'. चालता खोटा संगणक एका खोक्यातून, म्हणजे खऱ्या संगणकातून, उचलून दुसऱ्या खोक्यात ठेवता येतो, तेही त्याला पत्ता लागू न देता. हे कंपनीचं भूषण. पण त्या खोट्याला कुणी खरंखुरं, हाताला लागणारं कार्ड जोडलेलं असलं, की संपलं. झोपलेल्या माणसाला खाटेसकट हलवता येतं, खाट भिंतीत चिणलेली असली तर नाही. इथे उत्तर चाळीस. नन्नाने चाळीसच लिहिलं होतं. पुढे कुणीतरी त्याचं अकरा केलं.

तो कुणीतरी समोरच बसला होता. विक्रीचा मुख्य. त्याला सगळे पाठीमागे होयबा म्हणायचे, कारण आजवर त्याने एकाही गिऱ्हाइकाला नाही म्हटलेलं नव्हतं. एकदा एका गिऱ्हाइकाने चुकून फोन लावून पंखा दुरुस्त कराल का असं विचारलं होतं, तर होयबा म्हणाला होता, का नाही!

"नन्नासाहेब," होयबा म्हणाला, "चाळीस नंबर दिसला की गिऱ्हाईक काय समजतं? याला येत नाही. अकरा दिसला की काय समजतं? याला येतं, पण बिचारा कामात आहे. कामात असणं वाईट आहे का? उलट इज्जत वाढते."

"पण ते खोटं आहे."

"खोटं कसं? संगणक व्यस्त नसतो का कधी?"

"या कारणाने नसतो."

"कारण कोण विचारतंय!" होयबा मॅनेजरांकडे वळला. "सर, तुलनेचा तक्ता आठवा. आपण आणि ती दुसरी कंपनी. त्यांचे 'होत नाही' किती जास्त होते, आणि आपले? आपण तेव्हा केक कापला होता."

केक कापला होता हे खरं. तपासणारे लोक फक्त चाळीस नंबर मोजायचे, अकरा मोजायचेच नाहीत. होयबाने एका दुपारी सगळे चाळीस अकरात ढकलले आणि कंपनी पहिली आली. नन्नाने तेव्हा विरोध केला होता. त्याला केकचा कोपऱ्याचा, जास्त क्रीमवाला तुकडा देण्यात आला. तो त्याने खाल्ला. विरोध तिथेच संपला, असं सगळ्यांनी धरलं.

"ही तक्रार कुठून आलीय म्हणालात?" मॅनेजरांनी विचारलं.

"छापखाना आहे एक. तिथला तंत्रज्ञ कळवतोय, की हलवायला गेलं की अकरा येतो. कधीपर्यंत व्यस्त राहणार, एवढंच विचारलंय त्याने. फार सभ्य माणूस आहे," नन्ना म्हणाला.

"मग फोन करा त्याला. सांभाळून घ्या." मॅनेजर उठले. "आणि अकरा-चाळीसचं मी दुपारपर्यंत बघतो. दोन्ही बाजूंचं म्हणणं माझ्या डोक्यात आहे."

डोकं हा शब्द त्यांनी नन्नाकडे बघून उच्चारला.

फोन करायच्या आधी बायकोचाच आला. ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. तिच्या फोनमागे कायम कसलंतरी घासणं चालू असे, त्यामुळे ती साधं बोलली तरी कुणाचेतरी दात तासत बोलल्यासारखी वाटायची.

"आज संस्थेत जायचंय, लक्षात आहे ना?"

"आहे."

"हे बघ, या वेळी ते 'सध्या' घेऊन येऊ नकोस. सरळ विचार. मूल मिळणार आहे की नाही? मला संध्याकाळी नव्या लॅबला उत्तर द्यायचंय. मोठ्या बाई म्हणाल्या, आजच्यानंतर जागा दुसऱ्याला."

नवी लॅब दुसऱ्या शहरात होती. ती अख्खी लॅब बायकोच्या हाताखाली द्यायला मालकीण, म्हणजे मोठ्या बाई, तयार होत्या. याआधीही त्यांनी दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा तिने नाही म्हटलं होतं, कारण मूल दत्तक देणाऱ्या संस्थेचा नियम होता: प्रतीक्षेत असलेल्या जोडप्याने गाव बदललं, की पुन्हा पहिल्यापासून रांग.

"आणि नाही म्हणाल्या तर?" त्याने विचारलं.

"तर नाही." घासणं थांबलं. "तर मी एक दिवस रडेन आणि दुसऱ्या दिवशी सामान बांधेन. तूही चल. तुझ्यासारख्या नाही म्हणणाऱ्याला कुठेही काम मिळेल. पण मला कळू तर दे रे. हे मधलं आता सहन होत नाही."

"तूही ये ना दुपारी."

"नको. संस्थेतल्या त्या बाईंचा 'सध्या' ऐकला की मला त्यांची कवळी करावीशी वाटते. आधी दात पाडून."

मग त्याने छापखान्यात फोन लावला. तंत्रज्ञाचा आवाज वयस्क आणि नम्र होता. मागे यंत्रं धडधडत होती.

"साहेब, तुम्ही स्वतः फोन केलात!" तो म्हणाला. "मी काही घाई करत नाहीये हां. फक्त अंदाज पाहिजे होता. तुमचं ते कधी मोकळं होतं साधारण?"

"मोकळं म्हणजे?"

"व्यस्त आहे म्हणतं ना. मी विचार केला, आठवडाभर छपाई चालते, म्हणून व्यस्त असेल. म्हणून मी रविवारी येतो. रविवारी सगळं बंद असतं. तरी व्यस्तच. मग म्हटलं, आपल्याला दिसत नाही पण आत काहीतरी चालू असेल. गेल्या उन्हाळ्याच्या आधीपासून येतोय."

"प्रत्येक रविवारी?"

"प्रत्येक. थोड्या वेळाने प्रयत्न करा म्हणतं, म्हणून थोडा वेळ बसतो. पुन्हा करतो. पुन्हा बसतो. डबा आणतो."

नन्नाने डोळे मिटले. सांभाळून घ्या, असं मॅनेजर म्हणाले होते.

"ते होणार नाही," तो म्हणाला. "तुमच्या संगणकाला छपाईचं कार्ड जोडलेलं आहे. ते जोडलेलं असताना तो चालता हलवता येतच नाही. आज नाही आणि कधीच नाही. आमचा संदेश चुकीचा आहे."



"म्हणजे पहिल्या रविवारीच नव्हतं होणार?"

"नाही."

"मग करायचं काय असतं?"

"तो बंद करायचा. कार्ड काढून नव्या खोक्यात लावायचं. तिकडे चालू करायचा."

"किती वेळ लागतो?"

नन्नाला खोटं बोलावंसं वाटलं, पण तो खरं तेच बोलला. "एक चहा होईल एवढा."

"रविवारी तर आमच्याकडे सगळं बंदच असतं हो," तंत्रज्ञ हळू आवाजात म्हणाला. "बंद करायला काहीच हरकत नव्हती." मग जणू आभारच मानतोय अशा सुरात म्हणाला, "माझी मुलगी मागच्या वर्षी पोहायला शिकली. रविवारी तलावावर चला म्हणायची, दाखवते म्हणायची. म्हटलं, या रविवारी हे एवढं होऊन जाऊ दे, मग पुढच्या रविवारी. आता शिकायला बाहेरगावी गेली. पोहते म्हणे छान."

"माफ करा."

"तुम्ही कशाला? तुम्ही तर सांगितलंत." आणि मग पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "पण एक विचारू का साहेब? नाही म्हणायला एवढं काय लागतं तुम्हा लोकांना?"

नन्नाने पुन्हा एकदा माफी मागून फोन ठेवला.

दुपारी मॅनेजरांनी निर्णय कळवला. चाळीस कुणाला दुखावतो आणि अकरा कुणाला फसवतो, हे त्यांनी लक्षात घेतलं होतं. म्हणून एक नवा क्रमांक निर्माण करण्यात येत होता: बेचाळीस. त्याचं वाक्य होयबाने स्वतः लिहिलं होतं. 'ही क्रिया सध्या कधीच होत नाही.'

नन्नाने ते पुन्हा वाचलं. मग संगणकाचा पडदा पुसून वाचलं.

"सर, याचा अर्थ काय?" तो मॅनेजरांच्या दारात जाऊन म्हणाला.

"तुमचं 'कधीच' आहे, त्यांचं 'सध्या' आहे. दोघांनी एकेक पाऊल मागे घेतलं की दुनिया चालते."

"पण हे वाचून माणसाने करायचं काय? थांबायचं की जायचं?"

"ते ज्याचं त्याने ठरवायचं," मॅनेजर म्हणाले. "आपण प्रौढ गिऱ्हाइकांशी वागतोय." आणि त्यांनी नन्नाला दुपारनंतरची रजा हसतमुखाने मंजूर केली.

संस्था एका शांत रस्त्यावर दुसऱ्या मजल्यावर होती. बाहेरच्या बाकावर एक जोडपं बसलेलं होतं. नवीन होतं, दोघांनीही चांगले कपडे घातले होते. जुनी माणसं घरच्या कपड्यांत येतात. आतल्या खोलीत संस्थेच्या बाई झाडाला पाणी घालत होत्या. झाड प्लॅस्टिकचं होतं. पानांवरची धूळ जावी म्हणून घालत असाव्यात, अशी नन्नाने आपली समजूत घालून घेतली.

"या, या! तुम्ही आलात की बरं वाटतं मला," बाई म्हणाल्या. "तुम्ही कधी आवाज चढवत नाही. बाकीचे काय बोलतात, ऐकलंत तर कान किटतील. सगळे तुमच्यासारखे असते तर!"

"काही झालं का आमचं?"

"सध्या काही नाही. दोनेक महिन्यांनी एक चक्कर टाका."

एरवी या ठिकाणी नन्ना 'बरं' म्हणायचा आणि उठायचा. वर्षानुवर्षं उठला होता. आज उठायला हात टेकवला आणि त्याला डबा घेऊन बसलेला, कधीच न पाहिलेला एक माणूस दिसला.

"बाई, 'सध्या' म्हणजे काय?"

"म्हणजे आत्ता."

"रांग लांब आहे म्हणून नाही, की आम्हाला नाहीच?"

बाईंनी झारी खाली ठेवली. "असं कसं विचारता हो एकदम!"

"मला नाही ऐकायची सवय आहे. माझं कामच ते आहे. तुम्ही सांगा."

बाईंनी दाराकडे पाहिलं, मग दार लोटून घेतलं. "मागच्या वर्षी वरून नियम बदलला. जोडप्यातलं जे मोठं असेल त्याचं वय बघतात. तुम्ही त्या रेषेच्या पुढे गेलात. लहान नाही, मोठं नाही, कुठलंच मूल नाही."

"माझ्या वयामुळे?"

"तुमच्याच. मॅडम नियमात बसतात अजून. पण जोडपं एकत्रच मोजतात ना."

"मग मागच्या वर्षापासून दर खेपेला…"

"अहो, नकार द्यायचा तर समिती बसवावी लागते. समितीत पाच जण. त्यातला एक कायम आजारी असतो आणि दोघांचं आपसात पटत नाही. प्रतीक्षेला काहीच लागत नाही. शिवाय नाही म्हटलं की लोक इथेच रडतात. एकदा रडायला लागले की तासभर हलत नाहीत, आणि ही एकच खोली आहे आमच्याकडे." त्यांनी आवाज खाली आणला. "आणि खरं सांगू? आशेवर माणूस टिकतो. तुम्ही किती प्रसन्न असता दर वेळी!"

नन्ना प्रसन्न चेहऱ्याने बसून राहिला. दुसरा चेहरा पटकन सापडेना.

"तुम्हाला म्हणून सांगितलं," बाई म्हणाल्या. "कुठे बोलू नका. अधूनमधून येत जा, तेवढंच बरं वाटतं."

बाहेर पडताना बाकावरच्या बाईने विचारलं, "काय म्हणतात हो आत? चांगल्या आहेत ना?"

"खूप चांगल्या आहेत," तो म्हणाला.

घरापर्यंत तो चालत गेला. रस्ताभर त्याने वाक्य तयार केलं, जसं तो क्रमांकांपुढचं करायचा. एकही शब्द जास्तीचा नको, दोन अर्थ निघायला नकोत, आणि ऐकणाऱ्याला पुढे काय करायचं ते कळायला हवं. 'कधीच नाही. माझ्या वयामुळे. तू लॅबला हो म्हण.' वाणसामानाच्या दुकानापाशी त्याने 'माझ्या वयामुळे' काढून टाकलं. पुलावर परत घातलं, कारण ती विचारणारच होती. चाळीस नंबरचं इतकं स्वच्छ वाक्य त्याने आजवर लिहिलं नव्हतं.

घरी बायको जमिनीवर चादर पसरून कामावरच्या पांढऱ्या कोटाला इस्त्री करत होती. इस्त्री जमिनीवर, कारण प्लग खालच्या सॉकेटला. त्या सॉकेटचं झाकण तिच्या गुडघ्याशी पडलं होतं आणि शेजारी वाकडा चमचा. कधीकाळी संस्थेकडून घर बघायला येणार म्हणून त्याने घरातल्या सगळ्या खालच्या सॉकेटांना प्लॅस्टिकची झाकणं बसवली होती, लहान बोटं आत जाऊ नयेत म्हणून. बघायला आलेल्यांनी झाकणांचं फार कौतुक केलं होतं. तेव्हापासून या घरात इस्त्री करायची तर आधी चमच्याने झाकण उचकटावं लागे. तो चमचा आता जेवणातून बाद झाला होता.

"काय म्हणाल्या?" तिने मान वर न करता विचारलं.

त्याने एक बूट काढला. वाक्य तोंडात तयार होतं. मग तिने मान वर केली, आणि त्याच्या लक्षात आलं, की तीन तुकड्यांपैकी फक्त मधलाच तिला ऐकू जाणार आहे. तिचं वय बसतं. त्याचं बसत नाही. उद्यापासून प्रत्येक भिंतीवर, प्रत्येक झाकणावर तेवढंच लिहिलेलं असणार होतं.

"सध्या नाही म्हणाल्या," तो म्हणाला.

"सध्या म्हणजे?"

"म्हणजे रांग आहे. थोड्या वेळाने पुन्हा विचारा म्हणाल्या."

"तू सरळ विचारलंस ना? मी सांगितलं तसं?"

"सरळ विचारलं."

"नाहीच, असं नाही ना म्हणाल्या?"

दुसरा बूट निघत नव्हता. तो नाडीशी झगडत राहिला. "नाही. असं नाही म्हणाल्या."

बायकोने इस्त्री उभी केली. "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं ना, तर मी विश्वासच ठेवला नसता. म्हटलं असतं, गुळमुळीत बोलतोय. पण तू तरी नाहीला नाही म्हणतोस." ती हसली. सकाळपासून पहिल्यांदा हसली असावी. "चला, म्हणजे जीव आहे अजून त्यात."

तिने फोन लावला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"मोठ्या बाई, मीच बोलतेय. हो, ठरवलं. नाही, सध्या नाही जमणार हो. छे छे, तुमच्या लॅबबद्दल काही नाही. आमचं ते चालू आहे ना, संस्थेचं. हो, अजून. आज हे स्वतः जाऊन आले." ती ऐकत राहिली. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. "हो, समजते मी. दुसऱ्या कुणाला द्यावीच लागणार. पण पुढेमागे काही निघालं तर विचारा हं मला. नक्की विचारा."

फोन ठेवून ती तिथेच उभी राहिली. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं.

मग तिने येऊन इस्त्रीचा प्लग काढला, कोट हँगरला अडकवला आणि आत जाता जाता म्हणाली, "तेवढं झाकण लाव रे परत."

नन्ना एका पायात बूट घेऊन गुडघ्यांवर बसला. झाकण इस्त्रीच्या जवळ पडून थोडं कोमट झालं होतं. त्याने ते सॉकेटवर धरलं आणि अंगठ्याने दाबलं. पहिल्याच प्रयत्नात ते घट्ट बसलं.